रक्त नको म्हणाले, डोळ्यांचं कुणी विचारलंच नाही

रक्तदानाच्या फॉर्मवर आजारांची एक यादी असते. कावीळ, क्षय, फिट्स, हृदयविकार, आणि त्यांच्यातच कुठेतरी कर्करोग. प्रत्येकापुढे ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहायचं. कर्करोगापुढे ‘हो’ लिहिलं की पुढे फारसं काही विचारलं जात नाही. कोणता कॅन्सर होता, कितव्या टप्प्यावर सापडला, उपचार संपून किती वर्षं झाली, यातल्या कशानेच उत्तर बदलणार नसतं. आपल्या देशातला नियमच तसा आहे. राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना घ्या किंवा रक्तपेढ्यांना बांधून ठेवणारे औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालचे नियम घ्या, कॅन्सर होऊन गेलेल्या माणसाला रक्तदानातून कायमचं वगळलेलं आहे.

मला स्तनाचा कॅन्सर झाला, त्याला आता बरीच वर्षं झाली. त्याआधी मी नेमाने रक्त देत असे. कॉलेजातल्या एनएसएसच्या शिबिरापासून लागलेली सवय. पुढे गणपतीत मंडळाचं शिबिर, एक मेला सोसायटीतलं, कुणाच्या ऑपरेशनसाठी मध्यरात्री आलेला फोन. आमच्याकडे रक्तदान हा सणावाराचाच एक भाग आहे आणि मला ते मनापासून आवडायचं. उपचार संपले, केस परत आले, हिमोग्लोबिन पूर्वीच्या जागी आलं, तेव्हा आता परत रक्त देता येईल का, हा प्रश्न मनात येणं साहजिकच होतं. शिबिरातल्या डॉक्टरीणबाईंनी फॉर्म वाचला, खुर्ची जवळ ओढली आणि म्हणाल्या, “ताई, तुमचं नाही घेता येणार. पण तुम्ही खरं लिहिलंत, ते फार बरं केलंत.” त्यांच्या बोलण्यात कुठेही तुसडेपणा नव्हता. तरी घरी येताना वाटलं, आपण आता फक्त घेणाऱ्यांच्या रांगेतले. उपचारांच्या काळात मला चार लोकांचं रक्त चढलं होतं. ते परत करायची वाटच बंद झाली होती.

हे वाटणं माझ्या एकटीचं नाही. कॅन्सरमधून बरी झालेली जवळजवळ प्रत्येक व्यक्ती कधी ना कधी हा प्रश्न विचारते. लहानपणी रक्ताचा कॅन्सर झालेली, पिशव्यांमागून पिशव्या रक्त आणि प्लेटलेट्स घेऊन वाचलेली मुलं अठराची झाली की सगळ्यात आधी रक्तपेढीत जाऊ पाहतात. त्यांना नाही म्हणताना तिथल्या माणसांनाही जड जातं.

मग नाही का म्हणतात? रक्तातून कॅन्सर पसरतो म्हणून? असा पुरावा कुठेही नाही. स्वीडन आणि डेन्मार्क या देशांत रक्तदात्यांच्या आणि रक्त घेणाऱ्यांच्या नोंदी कित्येक दशकं नीट ठेवलेल्या आहेत. त्या नोंदी एकमेकींना जोडून केलेला एक मोठा अभ्यास २००७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. रक्त दिलं तेव्हा ज्यांच्या शरीरात कॅन्सर बहुधा दडून बसलेला होता, म्हणजे दान केल्यावर पुढच्या काही वर्षांत ज्यांना त्याचं निदान झालं, अशा दात्यांचं रक्त कुणाकुणाला गेलं हे अभ्यासकांनी शोधून काढलं. रक्त घेतलेल्या साडेतीन लाखांहून जास्त लोकांमध्ये असे सुमारे बारा हजार जण निघाले. त्यांच्यात कॅन्सरचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळलं नाही. कारण समजायला अवघड नाही. दुसऱ्याच्या शरीरातली पेशी, मग ती कॅन्सरची का असेना, आपल्या प्रतिकारशक्तीच्या दृष्टीने परकीच असते, आणि परक्या पेशीला निरोगी शरीर टिकू देत नाही.

तरीही सावधगिरी राहते, आणि ती मला पटते. रक्त ज्यांना चढतं ते बहुतेकदा निरोगी नसतातच. अपुऱ्या दिवसांचं बाळ असतं, केमो चालू असलेला माणूस असतो, ज्यांची प्रतिकारशक्ती मुळातच लुळी पडलेली आहे असे लोक असतात. शिवाय रक्तदानाचा नियम देणाऱ्यालाही जपतो. केमो आणि रेडिएशननंतर शरीराला रक्त भरून काढायला वेळ लागतो. ज्या हाताच्या काखेतल्या गाठी काढल्या आहेत त्या हाताला सूज येण्याची भीती असते, म्हणून तिथे सुई टोचणंसुद्धा टाळायला सांगतात.

हा नियम जगभर सारखा नाही, हेही सांगायला हवं. अमेरिकेत रेड क्रॉस बहुतेक कॅन्सरच्या बाबतीत उपचार संपून एक वर्ष झालं आणि आजार उलटला नाही तर रक्त घेते. त्वचेच्या काही साध्या कॅन्सरसाठी तर तेवढंही थांबावं लागत नाही, गाठ पूर्ण निघाली आणि जखम भरली की झालं. मोठेपणी रक्ताचा कॅन्सर किंवा लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर, झालेल्यांना मात्र तिथेही नाहीच. ब्रिटनमध्ये नियम आपल्याजवळ जाणारा आहे: त्वचेचे तसेच काही किरकोळ प्रकार आणि गर्भाशयमुखाची अगदी सुरुवातीची अवस्था सोडली तर साधारणपणे रक्त घेत नाहीत. म्हणजे शास्त्र एकच, पण कुणी किती जोखीम पत्करायची याचा निर्णय वेगवेगळा. मला वाटतं, आपल्याकडेही कधीतरी या सरसकट ‘कायमचं नाही’चा पुन्हा विचार व्हावा. पण मंडपातल्या शिबिरात, समोर रांग असताना, हातात ना फाइल ना रिपोर्ट अशा अवस्थेत डॉक्टरांनी दोन मिनिटांत ठरवायचं असेल, तर सगळ्यांना एकच उत्तर देणं हेच सुरक्षित. ज्या देशात बहुतेक रक्त शिबिरांतून गोळा होतं तिथे हा नियम मला अन्यायाचा वाटत नाही.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. “सांगायचं कशाला? आता बरी आहेस ना? कुणाला कळतंय?” असं मला जवळच्या माणसांनीच सुचवलं होतं, प्रेमापोटी. असं कुणीही करू नये. रक्तपेढी एचआयव्ही, कावीळ, मलेरिया, सिफिलिस यांच्या चाचण्या करते. होऊन गेलेला कॅन्सर दाखवणारी चाचणी तिच्याकडे नसते. तिथे भरवसा असतो तो फक्त देणाऱ्याच्या शब्दावर. तो शब्द खरा ठेवणं, हेही पलंगावर पडलेल्या अनोळखी माणसाला काहीतरी देणंच आहे.

शिवाय रक्त देता आलं नाही तरी रक्त उभं करता येतं. मुंबईत परळला, टाटा कॅन्सर रुग्णालयाच्या बाजूला फिरताना फुटपाथवर रिपोर्टांच्या पिशव्या घेऊन बसलेली कुटुंबं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना मी काय म्हणते ते कळेल. बिहारहून, बंगालहून, मराठवाड्यातून आलेली माणसं. मुंबईत ओळखीचं कुणी नाही आणि डॉक्टरांनी सांगितलेलं असतं, प्लेटलेट्स लागतील. प्लेटलेट्स टिकतात जेमतेम पाच दिवस, त्यामुळे साठा करून ठेवायची सोय नाही. मशीनवर एकाच दात्याच्या प्लेटलेट्स काढायच्या, ज्याला सगळे एसडीपी म्हणतात, तर त्या माणसाला तास-दीड तास बसावं लागतं. यासाठी तयार असलेल्या धडधाकट तरुणांचे नंबर मी वहीत लिहून ठेवते. माझा भाचा त्यातला पहिला.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं तिकडे येते. रक्तपेढीतला तो ‘नाही’ फॉर्मपुरता राहत नाही. तो घरात येतो आणि घट्ट होत जातो. रक्त घेत नाहीत म्हणजे काहीच घेत नसणार, असं सगळे गृहीत धरतात. अवयव नाही, डोळे नाहीत, देह नाही. कॅन्सरने गेलेल्या माणसाच्या अंगाला जणू विटाळच. आणि मग घरात मृत्यू होतो तेव्हा कुणी विचारतही नाही.

अवयवांचा प्रश्न रक्तापेक्षा खरोखर वेगळा आहे, आणि तो दोन्ही बाजूंनी वेगळा आहे. इथे जोखीम खरी आहे. किडनी, यकृत, हृदय बसवलेल्या माणसाला तो अवयव शरीराने नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतात. ज्या पहाऱ्यामुळे परकी कॅन्सर पेशी एरवी मारली गेली असती तो पहाराच इथे झोपवलेला असतो. वैद्यकीय इतिहासात याचे चटका लावणारे दाखले आहेत. स्कॉटलंडमध्ये १९९८ साली मरण पावलेल्या एका दात्याच्या दोन्ही किडन्या दोन रुग्णांना बसवल्या. दोघांनाही पुढे मेलॅनोमा, म्हणजे त्वचेचा एक आक्रमक कॅन्सर झाला. शोध घेतल्यावर कळलं, दात्यावर सोळा वर्षांपूर्वी मेलॅनोमाची शस्त्रक्रिया झाली होती आणि तो पूर्ण बरा झाला असंच सगळे मानत होते. सोळा वर्षं त्या पेशी गप्प बसून होत्या. २००३ मध्ये ही हकीकत प्रसिद्ध झाली तेव्हापासून मेलॅनोमा होऊन गेलेल्या दात्याबाबत डॉक्टर फार जपून असतात. युरोपातली आणखी एक घटना: २००७ मध्ये एका त्रेपन्न वर्षांच्या स्त्रीचे अवयव दान केले गेले. तिला स्तनाचा कॅन्सर आहे हे कुणालाच माहीत नव्हतं, नेहमीच्या तपासण्यांत काही दिसलंही नव्हतं. पुढच्या काही वर्षांत तिचे अवयव घेतलेल्या चौघांना तोच कॅन्सर झाला. तिघे वाचले नाहीत. चौथ्याची ती किडनी काढली, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं थांबवली, केमो दिली, आणि तो वाचला.

हे वाचताना माझ्या पोटात गोळा आला होता, खोटं का बोलू. पण ही गोष्ट मी दडवून ठेवणार नाही, कारण डॉक्टर इतके प्रश्न का विचारतात ते यातूनच कळतं. अशा घटना अगदी क्वचित घडतात. आणि एवढं होऊनही अवयवांसाठी जगात सरसकट ‘नाही’ नाही. पसरलेला कॅन्सर असेल, रक्ताचा कॅन्सर असेल, मेलॅनोमा असेल, तर नको. पण त्वचेचा साधा कॅन्सर काढून टाकलेला माणूस, किंवा अगदी सुरुवातीला सापडलेला कॅन्सर बरा होऊन अनेक वर्षं लोटलेला माणूस, यांच्या बाबतीत विचार होतो. मेंदूतच सुरू झालेल्या काही गाठी मेंदूबाहेर क्वचितच जातात, त्यामुळे अशा रुग्णांचे अवयवही जगभरात घेतले गेले आहेत. जोखीम कुणी घ्यायची हे तराजूवर ठरतं. एका पारड्यात ती जोखीम, दुसऱ्यात समोरच्या रुग्णाकडे उरलेले दिवस. यकृत आठवड्याभरात मिळालं नाही तर जो जाणारच आहे त्याला एखादी लहानशी शक्यता मान्य असू शकते. त्याला सगळं सांगून, त्याची संमती घेऊनच. स्तनाचा कॅन्सर फार वर्षांनी उलटू शकतो, म्हणून माझ्यासारख्यांच्या बाबतीत डॉक्टर बहुधा जास्त सावध राहतील. राहावंच.

पण खरं सांगायचं तर कॅन्सरने जाणाऱ्या बहुतेकांच्या बाबतीत किडनी-यकृताचा प्रश्न उद्भवतच नाही. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने मेंदूमृत्यूला मान्यता दिली. चार डॉक्टरांचं मंडळ, सहा तासांच्या अंतराने दोन वेळा तपासणी, असं सगळं होऊन मगच अवयव घेतात, आणि तोवर माणूस व्हेंटिलेटरवर असावा लागतो. अपघातात डोक्याला मार लागलेले किंवा मेंदूत रक्तस्राव झालेले रुग्ण हे बहुतेक मरणोत्तर दाते असतात. कॅन्सरचा माणूस साधारणपणे घरी किंवा वॉर्डात जातो, हृदय थांबून. तिथे किडनी देणं-न देणं हा मुद्दाच उरत नाही.

डोळ्यांचा मात्र असतो. आणि डोळ्यांच्या बाबतीत उत्तर ‘हो’ आहे.

डोळ्यांच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला, म्हणजे कॉर्नियाला, रक्तवाहिन्याच नसतात. तो ऑक्सिजन घेतो हवेतून, अश्रूंमधून, आणि पोषण घेतो आतल्या पाण्यासारख्या द्रवातून. कॅन्सर पसरतो रक्तातून आणि लसिकावाहिन्यांतून. तो रस्ताच कॉर्नियापर्यंत पोचत नाही. म्हणून फुप्फुस, स्तन, आतडं, जठर, तोंड, गर्भाशय, प्रोस्टेट अशा कॅन्सरने गेलेल्या माणसाचे डोळे नेत्रपेढी साधारणपणे घेते, आजार पसरलेला असला तरी. रक्ताचा कॅन्सर, लिम्फोमा आणि खुद्द डोळ्यांचे कॅन्सर यांत घेत नाहीत. पसरलेल्या मेलॅनोमातही नाही. एचआयव्ही, कावीळ, रेबीज, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग असेल तरीही नाही. चष्मा, मोतिबिंदूचं ऑपरेशन, मधुमेह, रक्तदाब, वय, यातलं काहीही आड येत नाही.

माझी आत्या आतड्याच्या कॅन्सरने गेली. सांगलीला, स्वतःच्या घरात, पहाटे. शेवटचे महिने तिने फार सोसलं. आम्ही पोचलो तेव्हा दारात माणसं जमली होती, दादा सामानाची यादी करत होता. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, “दादा, आत्याच्या डोळ्यांचं काय करायचं?” तो म्हणाला, “अगं, कॅन्सरच्या माणसाचं काही घेत नाहीत. तुझं रक्त नाही ना घेतलं?” त्यात काहीही कडवटपणा नव्हता. त्याला तेच माहीत होतं. शेजारच्या काकूंनी हळूच आणखी एक भीती बोलून दाखवली, डोळे दिले तर पुढच्या जन्मी आंधळं यावं लागतं म्हणे. त्यावर वहिनीच म्हणाली, “काकू, आत्याबाई आयुष्यभर दुसऱ्याला देतच आल्या. असल्यावर त्यांचा विश्वास नव्हता.”

मी नेत्रपेढीला फोन लावला. पलीकडच्या मुलाने तीनच गोष्टी विचारल्या: किती वाजता गेल्या, आजार कोणता, डॉक्टरांचा दाखला आहे का. ‘आतड्याचा कॅन्सर’ म्हटल्यावर मी श्वास रोखून थांबले. तो म्हणाला, “चालेल ताई. आम्ही निघतो. तोवर पंखा बंद ठेवा, पापण्या मिटून त्यावर ओल्या कापसाच्या घड्या ठेवा, डोक्याखाली उशी द्या.” मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत ते यावे लागतात. ते दोघे जण वेळेत आले, दादाची आणि साक्षीदारांची सही घेतली, तपासणीसाठी थोडं रक्त काढलं, खोलीचं दार पुढे लोटलं आणि वीस-पंचवीस मिनिटांत बाहेर आले. आत्याचा चेहरा होता तसाच होता. हल्ली बहुतेक ठिकाणी फक्त पुढचा पडदाच काढतात. दादाने अपेक्षेने विचारलं, “घेतलं सगळं?” “हो दादा,” तो मुलगा म्हणाला, “पडदा चांगला आहे.”

आत्याने हयातीत कुठला अर्ज भरलेला नव्हता. त्याची गरजही नसते. जवळच्या नातेवाइकांनी संमती दिली की पुरतं. हे इतकं साधं कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगत सुटते. आणि कित्येक घरांत त्या पहाटे प्रश्न विचारणारं कुणी नसतं म्हणून दोन माणसांची दृष्टी चितेवर जाते, याचं मला खरोखर दुःख होतं. घरच्यांनी का विचारावं? ते तर महिनोन्‌महिने जागलेले असतात. माझं मत विचाराल तर हा प्रश्न आधी कॅन्सरच्या दवाखान्यांनी काढायला हवा. शेवटच्या टप्प्यात वेदनाशमनाचं बोलतात, घरी न्यायचं बोलतात, तेव्हाच कुणीतरी शांतपणे एवढंही सांगावं की डोळे देता येतात. कितीतरी रुग्णांना हे ऐकून बरंच वाटेल. सगळ्या शरीराने दगा दिला असं ज्याला वर्षभर वाटत आलंय त्याला कळावं की या शरीरातलं काहीतरी अजूनही स्वच्छ आहे, कुणाला हवं आहे.

देहदानाबद्दल थोडक्यात. त्याचे निकष प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाचे आपापले असतात. कॅन्सर आहे म्हणून कुठे अडत नाही, कुठे अडतं, त्यामुळे जवळच्या महाविद्यालयात आधीच विचारून ठेवलेलं बरं. नेत्रदान करून मग देहदान करता येतं. आणखी एक देणं आहे ज्याचा कुणी विचार करत नाही. ऑपरेशनच्या वेळी काढलेल्या गाठीचा तुकडा संशोधनासाठी ठेवायची परवानगी काही रुग्णालयं मागतात. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये अशा ऊतींची पेढी आहे. ऑपरेशनच्या धास्तीत आपण कागदांवर न वाचता सह्या करत जातो, पण तो एक कागद वाचावा. तिथे आपला कॅन्सरच उपयोगी पडतो.

परवा लेकीने विचारलं, “आई, तुझं काय काय द्यायचं?” मी म्हटलं, डोळे नक्की. नेत्रपेढीचा १९१९ नंबर फ्रिजवर लावलाय, आपल्या गावातल्या पेढीचाही त्याखाली लिहिलाय. “आणि किडनी-बिडनी?” ते मी ठरवणार नाही आणि तूही ठरवू नकोस, डॉक्टर ठरवतील. तशी वेळ आलीच तर ‘आईला कॅन्सर झाला होता, तिचं काही चालणार नाही’ असं आपणहून म्हणून गप्प बसू नकोस, आणि घाईघाईत लपवूही नकोस. माझ्या बायोप्सीचा रिपोर्ट, ऑपरेशनचे कागद आणि उपचार कधी संपले त्याची नोंद, अशी एक वेगळी फाइल करून कपाटात वरच्या कप्प्यात ठेवली आहे. ते पहिल्यांदा तेच विचारतील, कोणता होता, कितव्या टप्प्यावर, कधी.